अंगुलिमालानंतरचा प्रश्न : हिंसक बंदी आणि मानसशास्त्रज्ञाचे कार्य

मज्झिमनिकायातील ८६वे सुत्त 'अंगुलिमालसुत्त' या नावाने सर्वपरिचित आहे. आपल्या विहारांतून वर्षावासाच्या काळात ज्या सुत्तांवर हमखास प्रवचन होते, त्यांत या सुत्ताची गणना करावी लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेचे वर्णन करताना अंगुलिमालाला स्थान दिले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रवचनानंतर मागच्या रांगेतील एक मध्यमवयीन भगिनी उभ्या राहिल्या. त्यांच्या भावाचा खून झाला होता आणि खून करणारा शिक्षा भोगून गावात परत आला होता. त्यांनी विचारले, "सर, अंगुलिमाल सुधारला हे चांगलंच झालं. पण ज्यांची माणसं त्यानं मारली, त्यांनी काय करायचं? आणि माणूस खरंच सुधारलाय, हे आम्ही कशावरून ओळखायचं?"

त्या दिवशी मी जे उत्तर दिले, ते माझे मलाच अपुरे वाटले. भगिनींच्या बोलण्यात दोन स्वतंत्र प्रश्न होते आणि मी दोहोंचे मिळून एकच उत्तर दिले होते. त्यांपैकी दुसरा प्रश्न, म्हणजे हिंसक मनुष्य बदलतो काय आणि बदलला हे कसे ओळखावे हा, आज तुरुंगात काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा रोजचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखक पालीचा अभ्यासक आहे, मानसशास्त्राचा नव्हे. तथापि या शास्त्राने गेल्या साठ-सत्तर वर्षांत काय केले, कोठे यश मिळवले आणि कोठे चूक केली, याचा परिचय आपल्या वाचकांना असावा या हेतूने हा लेख लिहिला आहे.

सुत्त नेमके काय सांगते?

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. तक्षशिलेचे गुरुकुल, मत्सरी सहाध्यायी आणि गुरुदक्षिणा म्हणून मागितलेली हजार बोटे ही कथा मूळ सुत्तात नाही. ती अट्ठकथेत येते. सुत्तात एवढेच आहे की, कोसलाचा राजा पसेनदी याच्या राज्यात अंगुलिमाल नावाचा क्रूर, रक्ताने हात माखलेला चोर होता. त्याने गावे ओस पाडली आणि मारलेल्या माणसांच्या बोटांची माळ तो गळ्यात घालीत असे. तथागत नेहमीच्या चालीने चालत असताना तो पूर्ण वेगाने धावूनही त्यांना गाठू शकला नाही. त्याने थांबण्यास सांगितले, तेव्हा आपण थांबलेलोच आहोत, थांबावयाचे आहे ते त्याने, असे उत्तर त्याला मिळाले.

प्रवचने बहुधा येथेच संपतात. सुत्त मात्र पुढे चालू राहते आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. राजा पाचशे घोडेस्वार घेऊन येतो. भिक्षू झालेला अंगुलिमाल समोर बसलेला पाहून राजाच्या अंगावर काटा उभा राहतो. भगवान राजाला भीती बाळगल्याबद्दल दोष देत नाहीत. आता भय नाही, एवढेच ते सांगतात. त्यानंतर अंगुलिमाल एकांतात दीर्घ साधना करतो. पुढे श्रावस्तीत भिक्षाटन करीत असताना लोकांनी फेकलेली ढेकळे, काठ्या व दगड त्याला लागतात. डोके फुटलेले, भिक्षापात्र भंगलेले आणि चीवर फाटलेले अशा अवस्थेत तो परततो. तेव्हा हे आपल्याच कर्माचे फळ आहे, ते सहन कर, असे तथागत त्याला सांगतात. दगड मारणाऱ्यांनी क्षमा करावी असा उपदेश तथागत या सुत्तात करीत नाहीत. या मुद्द्याकडे आपण शेवटी परत येऊ.

तुरुंगातील मानसशास्त्रज्ञ काय करतो?

सामान्य समजूत अशी की, मानसशास्त्रज्ञ कैद्याला चार उपदेशाच्या गोष्टी सांगतो किंवा त्याचे दुःख ऐकून घेतो. वस्तुतः त्याच्या कामाची सुरुवात कागदपत्रांपासून होते. न्यायालयाचा निकाल, पोलीस तपास, पूर्वीच्या शिक्षा आणि तुरुंगातील वर्तन यांची नोंद त्याने प्रथम वाचलेली असते. कारण कैद्याने सांगितलेली हकीकत आणि घडलेली हकीकत यांतील अंतर हेच त्याच्या अभ्यासाचे पहिले साहित्य असते. त्यानंतर अनेक बैठकांमधून तो गुन्ह्याच्या दिवसाची घटनाक्रमाने उजळणी करवतो. सकाळी काय झाले, कोण काय बोलले, त्या बोलण्याचा कैद्याने काय अर्थ लावला, त्या क्षणी शरीरात काय जाणवले, हत्यार केव्हा जवळ घेतले, परत फिरण्याची संधी कितीदा होती, असे प्रश्न तो विचारतो. 'डोक्यात राग गेला आणि काही कळलेच नाही' या एका वाक्यात गुंडाळलेली घटना उलगडल्यावर दहा-बारा कड्यांची साखळी निघते. हिंसा आकाशातून पडत नाही, तिला कारणपरंपरा आहे, हे कैद्याला स्वतःच्या उदाहरणातून दिसू लागणे ही उपचाराची पहिली पायरी होय.

या ठिकाणी पालीच्या वाचकाला 'अम्बलट्ठिक-राहुलोवाद-सुत्त' आठवल्यावाचून राहणार नाही. कायेने, वाचेने वा मनाने कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर असे तीन वेळा त्याचे निरीक्षण करावे, हा उपदेश तेथे लहानग्या राहुलाला आरशाच्या दृष्टान्ताने केला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हाको यांनी १९७५ साली क्रोधनियंत्रणाची जी पद्धत मांडली, तिच्यातही चिथावणीला सामोरे जाण्यापूर्वीची तयारी, प्रत्यक्ष प्रसंगातील सावधानता आणि प्रसंगानंतरचे परीक्षण हे टप्पे आहेत. दोहोंचे मूळ एक आहे असा दावा मी करीत नाही. तसा दावा करणे अशास्त्रीय ठरेल. माणसाच्या मनाचे काळजीपूर्वक निरीक्षण करणारे दोघे जण एकाच जागी पोहोचू शकतात, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

मानसशास्त्रज्ञाचे दुसरे काम धोक्याचे मूल्यमापन करणे हे होय. यासाठी १९९५ साली कॅनडात तयार झालेली 'एचसीआर-२०' ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात वीस बाबींचा विचार होतो. त्यांपैकी दहा भूतकाळातील, पाच सध्याच्या मनःस्थितीच्या आणि पाच पुढील परिस्थितीच्या असतात. भूतकाळ बदलता येत नाही, परंतु उरलेल्या दहा बाबींवर काम करता येते. या विभागणीतच तिचे मर्म आहे. असे मूल्यमापन भविष्यकथन नसते. कोणत्या परिस्थितीत हा मनुष्य पुन्हा धोकादायक होईल आणि ती परिस्थिती कशी टाळता येईल, हे त्यात सांगितलेले असते.

या कामात मानसशास्त्रज्ञाची स्वतःचीही परीक्षा होते. मनोविकृत व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासासाठी पुढे जगप्रसिद्ध झालेले रॉबर्ट हेअर हे १९६० च्या सुमारास कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या तुरुंगात एकमेव मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांच्या खोलीत आलेल्या पहिल्याच कैद्याने सुरा काढून दाखवला आणि तो आपण दुसऱ्या एका कैद्यावर वापरणार असल्याचे सांगितले. नवख्या हेअर यांनी विश्वास टिकवण्यासाठी ही गोष्ट अधिकाऱ्यांपासून दडवली आणि त्यानंतर तो कैदी त्यांना सतत वापरून घेत राहिला. हेअर यांनी हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे. करुणा आणि भाबडेपणा यांतील फरक शिकण्यासाठी तुरुंगासारखी शाळा नाही. आज म्हणूनच पहिल्या बैठकीतच कैद्याला स्पष्ट सांगितले जाते की, कोणाच्या जिवाला धोका असल्याचे कळले तर ते गुप्त राहणार नाही.

अपमान आणि हिंसा

हिंसक कैद्यांच्या मनात शिरून पाहणाऱ्यांनी एक निष्कर्ष वारंवार नोंदवला आहे. मानसशास्त्रज्ञ हान्स टॉक यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथासाठी एक अभिनव मार्ग अवलंबिला होता. त्यांनी कैद्यांनाच मुलाखतकार म्हणून तयार केले. पांढरपेशा संशोधकाला जे सांगितले जात नाही ते सोबत्याला सांगितले जाते, हे त्यांनी ओळखले होते. त्या मुलाखतींतून दिसले की, मोठ्या संख्येने हिंसक माणसे स्वतःची प्रतिमा उभी करण्यासाठी अथवा तिला लागलेला धक्का परतवण्यासाठी हात उगारतात. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या तुरुंगांत दीर्घकाळ काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जेम्स गिलिगन यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा अधिक खोलवर नेला. अत्यंत क्रूर गुन्हे केलेल्यांना कारण विचारले असता, समोरच्याने आपला मान राखला नाही, असे उत्तर त्यांना पुन्हा पुन्हा मिळाले. कारण जितके क्षुल्लक तितकी लाज अधिक आणि लाज जितकी अधिक तितकी ती लपवण्याची धडपड अधिक, असे त्यांचे निरीक्षण आहे.

मराठीत आपण 'लाज' हा एकच शब्द दोन भिन्न भावनांसाठी वापरतो. पालीत त्यांचा भेद स्पष्ट आहे. दुष्कृत्य करण्याची जी आतून वाटणारी लाज, तिला 'हिरि' म्हणतात; दुष्कृत्याच्या परिणामांची जी भीती, तिला 'ओत्तप्प'. या दोहोंना जगाचे रक्षण करणारे धर्म म्हटले आहे. इतरांनी केलेल्या मानखंडनेतून होणारा दाह ही वेगळीच गोष्ट आहे. गिलिगन ज्या लाजेविषयी बोलतात ती ही दुसरी होय. मानखंडनेने पोळलेल्या माणसाला आणखी हिणवून त्याच्यात हिरि उत्पन्न होत नाही. उलट तिची उरलीसुरली शक्यताही नष्ट होते. मारहाण करणाऱ्या, नग्न करणाऱ्या, पशूप्रमाणे वागवणाऱ्या तुरुंगातून माणूस अधिक हिंसक होऊन का बाहेर पडतो, याचे उत्तर येथे सापडते.

आपल्या वाचकांच्या मनात या ठिकाणी एक रास्त शंका येईल. अपमान हेच हिंसेचे कारण असेल, तर शतकानुशतके अपमान सोसलेला समाज सर्वांत हिंसक ठरावयास हवा होता. तसे तर दिसत नाही. गिलिगन यांच्याच विवेचनात याचे उत्तर आहे. केवळ अपमान पुरेसा नसतो. स्वाभिमान राखण्याचा दुसरा कोणताही मार्ग आपल्यापाशी नाही अशी भावना असावी लागते, आणि दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव बोथट झालेली असावी लागते. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ले झाले. प्रतिकाराची ताकद असतानाही बाबासाहेबांनी लोकांना आवरले आणि लढा कायद्याच्या व संघटनेच्या मार्गाने पुढे नेला. शिक्षण, संघटन आणि संघर्ष यांतून स्वाभिमानाचा मार्ग ज्यांना सापडला, त्यांना सुऱ्याची गरज उरली नाही. तुरुंगातील मानसशास्त्रज्ञ एकेका माणसाच्या बाबतीत असाच दुसरा मार्ग शोधीत असतो.

ग्रेंडनचा प्रयोग

इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात १९६२ साली ग्रेंडन हा तुरुंग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांत दीर्घ शिक्षा झालेले कैदी तेथे स्वेच्छेने अर्ज करून येतात. साधारण चाळीस जणांचा एक असे गट केलेले असतात. प्रत्येक गट आपल्या दैनंदिन व्यवहाराचे निर्णय सभेत मतदानाने घेतो. हिंसा, मादक द्रव्ये आणि लैंगिक संबंध यांना पूर्ण मनाई असते. नियम मोडणाऱ्याचे काय करावे यावर गटच मत देतो. आठवड्यातून अनेकदा लहान गटांत प्रत्येकाला आपला गुन्हा, आपले बालपण आणि कालच्या जेवणाच्या रांगेत आपण कोणावर खेकसलो, हे सर्व मांडावे लागते. एखाद्याने सोयीस्कर गोष्ट रचली तर मानसशास्त्रज्ञाच्या आधी सोबतीच ती पकडतात, कारण तशी गोष्ट त्यांनीही कधी तरी रचलेली असते. पालीच्या अभ्यासकाला यात भिक्खुसंघातील 'पवारणा' या विधीची आठवण होते. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्षू आपले दोष दाखवून देण्याची विनंती संघाला करतो.

ग्रेंडनमध्ये किमान दीड वर्ष राहिलेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी असल्याचे तेथील अभ्यासांतून दिसले आहे. अर्थात जे लवकर सोडून गेले त्यांना हा लाभ झाला नाही. २०१० साली याच तुरुंगात एका कैद्याने दुसऱ्याचा खून केला, हेही नमूद केले पाहिजे. यशस्वी पद्धतीतही धोका शून्यावर येत नाही.

चुकांपासून मिळालेला धडा

१९७४ साली अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांनी तुरुंगातील सुधारणा-उपक्रमांवरील २३१ अभ्यास तपासून निराशाजनक निष्कर्ष मांडला. 'काहीच उपयोगी पडत नाही' असा त्याचा अर्थ लावला गेला आणि शिक्षेच्या कठोरतेवर भर देणाऱ्यांच्या हाती आयते शस्त्र मिळाले. १९७९ साली मार्टिन्सन यांनी स्वतःच हे मत सौम्य केले, पण ते फारसे कोणी ऐकले नाही. पुढे कॅनडातील डोनाल्ड अँड्र्यूज, जेम्स बोन्टा व त्यांचे सहकारी यांनी १९९० साली तीन तत्त्वे मांडली. ज्यांच्यापासून धोका अधिक, त्यांच्यावर अधिक मेहनत घ्यावी. गुन्ह्याशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या गोष्टींवर, उदाहरणार्थ संगत, व्यसन, आवेग आणि हिंसेचे समर्थन करणारे विचार यांवर काम करावे. आणि त्या माणसाला समजेल अशा रीतीने शिकवावे. भगवंतांची देशना श्रोत्याची पात्रता पाहून बदलत असे, हे जाणणाऱ्यास तिसरे तत्त्व अपरिचित वाटणार नाही.

सदिच्छेने केलेला उपचार घातकही ठरू शकतो. कॅनडातील ओंटारियो प्रांतात ओक रिज या बंदिस्त रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तीव्र स्वरूपाची समूहचिकित्सा चालविली गेली. तीत एलएसडीसारखी द्रव्येही दिली गेली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात असे आढळले की, मनोविकृत व्यक्तिमत्त्वाच्या ज्या लोकांवर हा उपचार झाला त्यांपैकी ७७ टक्के लोकांनी पुन्हा हिंसक गुन्हे केले. उपचार न झालेल्या तशाच लोकांत हे प्रमाण ५५ टक्के होते. इतरांना मात्र त्याच उपचाराचा फायदा झाला होता. इंग्लंडमध्ये लैंगिक गुन्हेगारांसाठी १९९२ पासून चालविलेला एक प्रमुख उपचारक्रम २०१७ साली बंद करावा लागला. उपचार घेतलेल्या २,५६२ जणांपैकी १० टक्के लोकांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. पंचवीस वर्षे हजारो कैदी या क्रमातून गेले. तो चालविणारे अप्रामाणिक नव्हते. परिणाम मोजल्यावाचून श्रद्धा ठेवली, ही चूक होती. ऐकीव गोष्ट, परंपरा वा गुरूचा अधिकार एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांनी या चुकीचे महत्त्व विशेष ओळखले पाहिजे. तुरुंगातील ध्यानशिबिरांनाही हीच कसोटी लागू आहे. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात आणि १९९४ साली तिहारमध्ये सुमारे एक हजार कैद्यांसाठी झालेली विपश्यना शिबिरे स्तुत्य होत. तथापि दहा दिवसांचे शिबिर ही सुरुवात असते. तिला वर्षानुवर्षांच्या कामाची जोड हवी आणि त्या कामाचे मोजमाप हवे.

आपल्याकडील स्थिती

अधिकृत आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत पाचशे बंद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा अशी अपेक्षा आहे. २०२५ च्या 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'प्रमाणे संपूर्ण देशात मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ मिळून केवळ पंचवीस होते. म्हणजे सुमारे तेवीस हजार बंद्यांमागे एक. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून तुरुंगातील कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरविले. तोपर्यंत काही राज्यांच्या नियमावल्यांत सफाईचे काम विशिष्ट जातींकडे सोपविलेले होते. अपमान हा हिंसेचा जनक असेल, तर स्वतंत्र भारताच्या तुरुंगांनी तो नियमावलीतच लिहून ठेवला होता असे म्हणावे लागेल.

त्या भगिनींना उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणूस सुधारला हे कशावरून ओळखावे? अश्रूंवरून नव्हे आणि तोंडपाठ केलेल्या पश्चात्तापावरूनही नव्हे. तो आपल्या कृत्याची हकीकत सबबीविना सांगतो काय, चिथावणीच्या लहानसहान प्रसंगी त्याचे वर्तन महिनोन्‌महिने कसे राहते, आणि ज्याला दुखावले त्याचा रोष तो तक्रार न करता सोसतो काय, हे पाहावे. आधुनिक मानसशास्त्रज्ञ हेच पाहतात. डोके फुटून परतलेल्या अंगुलिमालाने उलट हात उगारला नाही. त्याच्या परिवर्तनाचा सर्वांत सबळ पुरावा मला तेथे दिसतो. वनातल्या त्या पहिल्या भेटीत तो नव्हता.

आणि ज्यांची माणसे मारली गेली त्यांनी काय करावे? मानसशास्त्रज्ञाचे काम म्हणजे माफी नव्हे. त्याने दिलेला अहवाल मृताच्या कुटुंबाच्या वतीने दिलेली क्षमा ठरत नाही. तो अधिकार त्याला नाही, आणि धर्मोपदेशकालाही नाही. जातीय अत्याचारात घरातला माणूस गमावलेल्या कुटुंबाला क्षमेचा उपदेश करणे म्हणजे दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. न्यायालयाने शिक्षा द्यावी, शासनाने संरक्षण व भरपाई द्यावी, हा त्यांचा हक्क आहे. मानसशास्त्रज्ञ ज्याच्यासाठी राबतो तो मनुष्य आणखी कोणी तरी आहे : शिक्षा संपवून बाहेर पडलेल्याच्या वाटेत उद्या येणारा अनोळखी माणूस. अजून ज्याचा बळी गेलेला नाही त्याला वाचविणे हे या कार्याचे खरे प्रयोजन आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका तुरुंगात १९९७ पासून चालविलेल्या उपक्रमात हिंसेला बळी पडलेली माणसे स्वतः येऊन कैद्यांपुढे आपली हकीकत सांगत. क्षमा करण्यासाठी नव्हे, ऐकविण्यासाठी. त्या उपक्रमात काही महिने राहिलेल्या कैद्यांमध्ये पुढे हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण बरेच कमी झाले.

भगिनींना भेटण्याचा योग पुन्हा आला, तर मी एवढेच सांगेन : ताई, सुत्ताने तुमच्यावर क्षमेचे ओझे टाकलेले नाही. पसेनदीला भीती वाटली ती योग्यच होती. श्रावस्तीच्या लोकांना राग होता, त्या रागाची नोंदही संगीतीकारांनी पुसली नाही. थांबण्याचे आणि सहन करण्याचे काम सुत्ताने त्या एकट्यावर सोपविले आहे, ज्याने हत्यार उचलले होते.